शब्दसमूहाकडून एका शब्दाकडे : इंग्रजी शब्दसंपत्ती वाढवण्याचा एक मार्ग

शालेय मराठी व्याकरणात 'शब्दसमूहाबद्दल एक शब्द' या नावाने ओळखला जाणारा जो घटक असतो, तोच इंग्रजीच्या अभ्यासात 'वन वर्ड सब्स्टिट्यूशन' या नावाने येतो. कधीही मृत्यू न येणारा तो 'अमर', ज्याला कोणी शत्रू नाही तो 'अजातशत्रू', दोन्ही हातांनी सारख्याच कौशल्याने बाण सोडू शकणारा तो 'सव्यसाची', अशा जोड्या मराठी माध्यमातील विद्यार्थ्याने लहानपणीच पाठ केलेल्या असतात. कर्मचारी निवड आयोगाच्या, बँकांच्या आणि तत्सम इतर स्पर्धा परीक्षांच्या निमित्ताने इंग्रजीतील अशाच शेकडो जोड्या त्याच्यासमोर येतात, तेव्हा तो त्या वर्णानुक्रमे पाठ करतो आणि परीक्षा संपताच विसरतो. ही विस्मृती त्याच्या बुद्धीची उणीव नसून अभ्यासपद्धतीचा दोष आहे, कारण हे शब्द सुटे नाहीत. ते कुळाकुळांनी राहतात, त्यांची घडण नियमबद्ध आहे आणि त्यांपैकी कित्येकांचे संस्कृतशी, म्हणून पर्यायाने मराठीशी, जवळचे नाते आहे. ही घडण समजून घेतली, तर एका शब्दाच्या श्रमात दहा शब्द हाती लागतात. शिवाय लांबलचक शब्दसमूहाच्या जागी नेमका एक शब्द योजण्याची सवय लेखनाला आणि विचारालाही शिस्त लावते.

या विषयाचे दोन भाग वेगळे करणे आवश्यक आहे. पहिल्या भागात एखादी संकल्पना स्पष्ट करणारा शब्दसमूह आणि त्या संकल्पनेचे नाव यांची जोडी असते. उदाहरणार्थ, मृत्युपत्र न करता मरण पावलेल्या व्यक्तीला कायद्याच्या भाषेत 'इंटेस्टेट' म्हणतात, आणि 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचा मोठा भाग अशा व्यक्तीच्या मालमत्तेचे वाटप कसे व्हावे, याविषयी आहे. दुसऱ्या भागात नवी संकल्पना नसते, तर केवळ शब्दांचा पसारा असतो. 'इन स्पाइट ऑफ द फॅक्ट दॅट' या सहा शब्दांचे काम 'ऑल्दो' हा एक शब्द करतो. पहिल्या प्रकारात ज्ञान वाढते, दुसऱ्या प्रकारात लेखनाला नेटकेपणा येतो. परीक्षांची पुस्तके मुख्यतः पहिल्या प्रकारावर भर देतात, तर नोकरीत, पत्रव्यवहारात आणि अहवालात दुसरा प्रकार अधिक उपयोगी पडतो.

एका शब्दात मोठा आशय सामावणारे इतके शब्द इंग्रजीत का आहेत, याचे उत्तर त्या भाषेच्या इतिहासात आहे. इंग्रजीचा मूळ गाभा जर्मानिक कुळातला आहे. 1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यावर राजदरबार, न्यायालये आणि उच्चवर्ग यांच्या व्यवहारात फ्रेंच भाषा आली आणि पुढच्या काही शतकांत हजारो फ्रेंच शब्द इंग्रजीत रुळले. त्यानंतर सोळाव्या आणि सतराव्या शतकांत, प्राचीन विद्येच्या पुनरुज्जीवनाच्या काळात, विद्वानांनी लॅटिन आणि ग्रीकमधून शब्द थेट उचलले किंवा त्या भाषांतील घटक जोडून नवे घडवले. सामान्य वाचकाला हे शब्द इतके परके वाटत की, 1604 मध्ये रॉबर्ट कॉड्री यांना सुमारे अडीच हजार कठीण शब्दांचा अर्थ सोप्या इंग्रजीत सांगणारा कोश प्रसिद्ध करावा लागला. केवळ इंग्रजीसाठी रचलेला हा पहिला इंग्रजी-इंग्रजी कोश मानला जातो, आणि लॅटिनचे शिक्षण न मिळालेल्या वाचकांसाठी, विशेषतः स्त्रियांसाठी, तो असल्याचे त्याच्या मुखपृष्ठावरच म्हटले होते. कठीण शब्द आणि त्याचा अर्थ सांगणारा सोपा शब्दसमूह, ही आज विद्यार्थी गिरवतो ती जोडी इंग्रजी कोशवाङ्मयाच्या आरंभापासूनच अशी चालत आली आहे.

या शब्दांची घडण पाहण्यासाठी साथीच्या रोगांशी संबंधित तीन शब्द उपयुक्त आहेत. ग्रीकमध्ये 'डेमॉस' म्हणजे लोक. 'एपि' म्हणजे 'वर', 'एन' म्हणजे 'मध्ये' आणि 'पॅन' म्हणजे 'सर्व'. एखाद्या प्रदेशातील लोकांवर अल्पावधीत पसरून येणारा रोग तो 'एपिडेमिक', एखाद्या प्रदेशातील लोकांमध्ये कायम वस्ती करून राहिलेला तो 'एंडेमिक' आणि अनेक देशांतील लोकांना व्यापणारा तो 'पॅन्डेमिक'. 1896 मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली आणि तिच्या पार्श्वभूमीवर ब्रिटिश सरकारने 1897 मध्ये जो साथरोग कायदा केला, त्याच्या इंग्रजी नावात 'एपिडेमिक' हा शब्द आहे. 11 मार्च 2020 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडच्या साथीला 'पॅन्डेमिक' असे संबोधले, तेव्हा तो शब्द मराठी घराघरांत पोहोचला. एक 'डेमॉस' कळला की हे तीन शब्द कळतातच, शिवाय लोकांची सत्ता म्हणजे 'डेमॉक्रसी' आणि लोकांना चिथावून नेतृत्व करणारा म्हणजे 'डेमगॉग' हेही त्याच ओघात येतात. 'क्रसी' म्हणजे सत्ता हे लक्षात आले की धनिकांची सत्ता 'प्लुटॉक्रसी', धर्मगुरूंची सत्ता 'थिऑक्रसी' आणि वृद्धांची सत्ता 'जेरोंटॉक्रसी' असा पुढचा विस्तार होतो. ज्या विद्यार्थ्याने हे आठ शब्द वर्णानुक्रमाच्या यादीत वेगवेगळ्या पानांवर पाहिले, त्याला त्यांच्यातील हे आप्तपण कधीच दिसत नाही.

लॅटिन घटकांचीही अशीच कुळे आहेत. 'कापणे, ठार मारणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आलेला 'साइड' हा घटक 'सुइसाइड' म्हणजे आत्महत्या, 'पॅट्रिसाइड' म्हणजे पितृहत्या, 'रेजिसाइड' म्हणजे राजहत्या आणि 'होमिसाइड' म्हणजे मनुष्यवध या शब्दांत येतो. यांतील कित्येक शब्द कृत्यासाठी आणि ते कृत्य करणाऱ्यासाठीही वापरले जातात, त्यामुळे 'पॅट्रिसाइड' म्हणजे पितृहत्याही आणि पितृघातकही. या कुळातील एका तुलनेने तरुण आणि अत्यंत गंभीर शब्दाचा इतिहास नेमक्या शब्दाचे सामर्थ्य काय असते ते दाखवतो. राफाएल लेमकिन हे पोलंडमधील ज्यू कायदेतज्ज्ञ नाझी आक्रमणामुळे देशोधडीला लागून 1941 मध्ये अमेरिकेत पोहोचले. एखादा संपूर्ण वांशिक, धार्मिक किंवा राष्ट्रीय समूह नष्ट करण्याच्या हेतूने केलेल्या पद्धतशीर कृत्यांना कायद्यात वेगळे नाव नव्हते. ती हत्याकांडे म्हणून किंवा युद्धातील अत्याचार म्हणून मोजली जात आणि त्यांमागचा विशिष्ट हेतू त्या वर्णनांत हरवून जाई. लेमकिन यांनी 1944 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ग्रीक 'गेनॉस' म्हणजे वंश आणि लॅटिन 'साइड' यांच्या संयोगातून 'जेनोसाइड' हा शब्द मांडला. 9 डिसेंबर 1948 रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने या गुन्ह्याला प्रतिबंध आणि शिक्षा करण्याविषयीचा करार पॅरिसमध्ये स्वीकारला. एका लांब वर्णनाच्या जागी एक शब्द आल्यामुळे गुन्ह्याची व्याख्या करणे, आरोप ठेवणे आणि राष्ट्रांना उत्तरदायी धरणे यांसाठी कायद्याला एक निश्चित आधार मिळाला.

मराठी भाषकाला या अभ्यासात एक मोठी अनुकूलता आहे, जिच्याकडे अध्यापनात पुरेसे लक्ष दिले जात नाही. 2 फेब्रुवारी 1786 रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीसमोर केलेल्या भाषणात सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांतील साम्य योगायोगाचे नसून त्या एकाच मूळ स्रोतातून निघाल्या असाव्यात, असे प्रतिपादन केले. त्यापुढच्या दोन शतकांत भाषाशास्त्रज्ञांनी हे नाते नियमबद्ध रीतीने सिद्ध केले. 'पॅट्रिसाइड', 'मॅट्रिसाइड' आणि 'फ्रॅट्रिसाइड' यांतील पहिले घटक म्हणजे संस्कृतातील पितृ, मातृ आणि भ्रातृ यांचे सख्खे आप्त होत. चार पायांचा प्राणी म्हणजे 'क्वाड्रुपेड', आणि त्याचा मराठी प्रतिशब्द 'चतुष्पाद'. येथे केवळ अर्थ जुळतो असे नाही, तर 'क्वाड्रु' आणि 'चतुष्', तसेच 'पेड' आणि 'पाद' हे दोन्ही अवयव एकाच प्राचीन मुळातून आले आहेत. दोन पायांचा 'बायपेड' आणि 'द्विपाद' यांचेही तसेच. गोमेला इंग्रजीत 'सेंटिपीड' म्हणतात, त्यातील 'सेंटि' म्हणजे शत, म्हणजे तो जणू 'शतपाद' आहे.

याहून विलक्षण साम्य नकारदर्शक उपसर्गात आढळते. संस्कृतात व्यंजनापूर्वी 'अ' आणि स्वरापूर्वी 'अन्' लागतो, म्हणून 'अन्याय', परंतु 'अनादर' आणि 'अनादी'. ग्रीकमध्येही नेमका हाच नियम आहे, म्हणून शासनाचा अभाव दर्शवणाऱ्या 'ॲनार्की' या शब्दात स्वरापूर्वी 'ॲन' आला, तर 'एथिइस्ट' म्हणजे नास्तिक या शब्दात व्यंजनापूर्वी केवळ 'ए' आला. ईश्वर आहे किंवा नाही हे जाणणे शक्य नाही, असे मानणाऱ्यासाठी ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सले यांनी 1869 मध्ये 'ॲग्नॉस्टिक' हा शब्द घडवला. त्यातील 'ग्नॉ' हा घटक संस्कृतातील 'ज्ञा' या धातूचा आप्त आहे आणि मराठीतील 'अज्ञेयवादी' हा प्रतिशब्द त्या ग्रीक घडणीशी अवयवशः जुळतो. ज्याला मराठी समासांची फोड करता येते, त्याला इंग्रजीतील या शब्दांची फोड करण्याचे कौशल्य नव्याने मिळवावे लागत नाही. ते केवळ दुसऱ्या भाषेकडे वळवावे लागते.

मात्र मुळांवर विसंबताना सावधगिरीही हवी, कारण काही शब्दांचा अर्थ केवळ घटकांच्या बेरजेतून निघत नाही. टपाल तिकिटांचा संग्राहक तो 'फिलॅटेलिस्ट'. त्यातील 'फिल' म्हणजे आवड हे सहज कळते, परंतु उरलेल्या भागाचा तिकिटाशी काय संबंध, हे कळत नाही, कारण प्राचीन ग्रीकांकडे टपाल तिकीट ही वस्तूच नव्हती. 1840 मध्ये ब्रिटनमध्ये पहिले चिकटवायचे तिकीट निघाले, त्यापूर्वी पत्राचे शुल्क बहुधा पत्र स्वीकारणाराच भरत असे. तिकिटामुळे त्याची या भरण्यातून सुटका झाली. म्हणून 1864 मध्ये जॉर्ज एर्पँ या फ्रेंच संग्राहकाने करमुक्ती या अर्थाचा ग्रीक शब्द घेऊन या छंदाला नाव दिले. अशा शब्दांच्या बाबतीत मुळापेक्षा इतिहास अधिक उपयोगी पडतो, आणि तो एकदा समजला की पाठांतराची गरज उरत नाही.

दुसऱ्या प्रकाराकडे, म्हणजे शब्दांचा पसारा आवरण्याकडे वळले की अभ्यासाचे स्वरूप बदलते. भारतीय कार्यालयीन इंग्रजीत रजेचा अर्ज बहुधा 'आय ॲम रायटिंग दिस लेटर टू मेक अ रिक्वेस्ट फॉर द ग्रँट ऑफ लीव्ह ड्यू टू द फॅक्ट दॅट' अशा लांब प्रस्तावनेने सुरू होतो. 'आय रिक्वेस्ट लीव्ह बिकॉज' या चार शब्दांत तोच आशय पूर्णपणे येतो. येथे दोन गोष्टी घडल्या. 'ड्यू टू द फॅक्ट दॅट' या जोडशब्दसमूहाऐवजी 'बिकॉज' हे एकच अव्यय आले, आणि 'मेक अ रिक्वेस्ट' या रचनेत नाम होऊन बसलेली क्रिया पुन्हा 'रिक्वेस्ट' या क्रियापदाच्या रूपात आली. 'कम टू अ कन्क्लूजन' ऐवजी 'कन्क्लूड', 'गिव्ह कन्सिडरेशन टू' ऐवजी 'कन्सिडर', 'इन द इव्हेंट दॅट' ऐवजी 'इफ', 'ॲट दिस पॉइंट इन टाइम' ऐवजी 'नाऊ', ही सर्व उदाहरणे याच दोन तत्त्वांवर आधारलेली आहेत. मराठी कार्यालयीन भाषेतही 'तपासणी करण्यात आली' असे लिहिण्याचा प्रघात आहे आणि 'तपासले' एवढे पुरेसे असते, त्यामुळे हा दोष ओळखणे मराठी वाचकाला जड जाऊ नये. 'व्हेरी' या क्रियाविशेषणाच्या कुबडीबाबतही हेच लागू होते. 'व्हेरी टायर्ड' ऐवजी 'एक्झॉस्टेड', 'व्हेरी स्मॉल' ऐवजी 'टायनी' असे म्हटले की तीव्रता शब्दातच येते.

या शिस्तीला इंग्रजीत जुनी परंपरा आहे. फाउलर बंधूंनी 1906 मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'द किंग्ज इंग्लिश' या ग्रंथाच्या आरंभीच लांबण लावणाऱ्या शब्दसमूहापेक्षा एकच शब्द पसंत करावा, असे सांगितले. परंतु त्याच ठिकाणी त्यांनी अपरिचित शब्दापेक्षा परिचित शब्द आणि लांब शब्दापेक्षा आखूड शब्द पसंत करावा, असेही बजावले. पुढे ब्रिटनच्या अर्थखात्याच्या सांगण्यावरून सर अर्नेस्ट गावर्स यांनी सरकारी अधिकाऱ्यांसाठी लिहिलेले 'प्लेन वर्ड्स' हे पुस्तक 1948 मध्ये निघाले. सरकारी पत्र वाचणाऱ्या सामान्य नागरिकाला ते पहिल्याच वाचनात कळले पाहिजे, हा त्यामागचा आग्रह होता. या तत्त्वांचा एकत्रित विचार केला तर एक मर्यादा स्पष्ट होते : एक शब्द योजायचा तो वाचकाचे श्रम वाचावेत म्हणून, स्वतःची विद्वत्ता दिसावी म्हणून नव्हे. नाणेसंग्राहकांच्या मासिकात 'न्यूमिझमॅटिस्ट' हा शब्द योग्य आहे, परंतु सर्वसामान्य वाचकाच्या पत्रात 'कॉइन कलेक्टर' हे दोन शब्दच अधिक नेमके काम करतात.

हीच गोष्ट दोन-तीन शब्दांनी बनलेल्या क्रियापदांची आहे. 'पुट अप विथ' ऐवजी 'टॉलरेट', 'लुक इन्टू' ऐवजी 'इन्व्हेस्टिगेट', 'पुट ऑफ' ऐवजी 'पोस्टपोन' असे बदल पुस्तकांत सुचवलेले असतात आणि औपचारिक लेखनात ते योग्यही असतात. परंतु बोलण्यात आणि घरगुती पत्रात जर्मानिक मुळाची ही जोडक्रियापदेच स्वाभाविक वाटतात, तर लॅटिन मुळाचे एकेरी क्रियापद कचेरीचा सूर लावते. त्यामुळे शब्दाचा अर्थ शिकताना तो कोणत्या प्रसंगी शोभतो, हेही शिकणे अपरिहार्य आहे.

एकेका शब्दाने साधणारी अचूकता व्यवहारात किती मोलाची असते, हे डोळ्यांच्या उपचारांच्या संदर्भात चांगले दिसते. 'ऑफ्थॅल्मॉलॉजिस्ट' हा डोळ्यांचे आजार बरे करणारा आणि शस्त्रक्रिया करणारा वैद्यकीय तज्ज्ञ, 'ऑप्टोमेट्रिस्ट' हा दृष्टी तपासून चष्म्याचा नंबर काढणारा, आणि 'ऑप्टिशियन' हा त्या नंबरप्रमाणे चष्मा तयार करून देणारा. तिघांनाही 'डोळ्यांचा डॉक्टर' असे म्हटले तर रुग्ण चुकीच्या दारात उभा राहण्याची शक्यता असते. 'एमिग्रंट' म्हणजे देश सोडून जाणारा आणि 'इमिग्रंट' म्हणजे देशात येऊन स्थायिक होणारा. व्यक्ती एकच असली, तरी कोणत्या देशाच्या दृष्टीने पाहायचे, यावर शब्द ठरतो. परीक्षेतील चुका बहुधा अशा जवळच्या जोड्यांतच होतात, म्हणून त्या जोडीनेच शिकाव्यात.

इंग्रजीच्या अभ्यासकाने एक गोष्ट विसरू नये की, प्रत्येक भाषा आपल्या समाजाला ज्याची गरज असते तिथे शब्द घडवते. मराठीतील 'जाऊ' या शब्दासाठी इंग्रजीला 'हजबंड्स ब्रदर्स वाइफ' असा शब्दसमूह लागतो, 'साडू' साठीही तेवढाच लांब शब्दसमूह लागतो, आणि एकत्र कुटुंबातील ही नाती इंग्रजी 'ब्रदर-इन-लॉ' आणि 'सिस्टर-इन-लॉ' या दोनच साच्यांत कोंबते. 'कझिन' या शब्दात चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ आणि त्यांच्या बहिणीही येत असल्यामुळे भारतीयांनी 'कझिन ब्रदर' असा जोडशब्द रूढ केला. उलट 'पोस्टपोन' च्या धर्तीवर भारतात रूढ झालेला 'प्रीपोन' हा शब्द ठरलेली वेळ अलीकडे आणण्याची कल्पना एका शब्दात सांगतो आणि त्याची नोंद ऑक्सफर्डच्या कोशानेही घेतली आहे. शब्दसमूहाच्या जागी एक शब्द घडवण्याची क्रिया अशी अजूनही चालू आहे आणि भारतीय भाषकही तीत सहभागी आहेत.

प्रत्यक्ष अभ्यासाची पद्धत या विवेचनातूनच निघते. शब्द वर्णानुक्रमाने न घेता मुळांप्रमाणे गट करून घ्यावेत. नॉर्मन लुइस यांचे 1949 मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले 'वर्ड पॉवर मेड ईझी' हे पुस्तक याच तत्त्वावर रचलेले असून भारतातील विद्यार्थ्यांत ते आजही वापरात आहे. प्रत्येक शब्दापुढे त्याची फोड, मराठी प्रतिशब्द आणि स्वतः रचलेले एक वाक्य लिहावे. उजळणी करताना शब्द वाचून अर्थ आठवण्यापेक्षा अर्थ वाचून शब्द आठवावा, कारण पहिल्या सरावाने केवळ ओळख पक्की होते, तर दुसऱ्याने शब्द ऐनवेळी सुचण्याची क्षमता येते. उजळणी एकाच दिवशी अनेकदा न करता वाढत्या अंतराने करावी. शिकलेले किती वेगाने विसरले जाते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून 1885 मध्येच दाखवले होते, आणि सरावाच्या वेळा विभागल्याने स्मरण टिकते, हेही त्याच अभ्यासातून पुढे आले. शिवाय आठवड्यातून एकदा आपलेच एखादे पत्र किंवा उतारा घेऊन त्यातील प्रत्येक लांब शब्दसमूहाला एक शब्द मिळतो का आणि तो मिळाल्यावर वाक्य खरोखर अधिक स्पष्ट होते का, हे तपासावे.

या सरावात प्रत्येक वेळी अभ्यासकाला आपल्याला नेमके काय म्हणायचे आहे, हे आधी ठरवावे लागते, कारण अर्थ धूसर असेल तर त्याला एक शब्द मिळत नाही आणि शब्दसमूह मात्र कितीही लांबवता येतो. म्हणून शब्दसंपत्तीचा हा मार्ग गुणांच्या हिशेबापुरता मर्यादित ठेवू नये. मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याने इंग्रजीतील हे शब्द परक्यांचे धन म्हणून भीतभीत पाठ न करता, पितृ, पाद आणि ज्ञा यांच्या ओळखीने त्यांच्याजवळ जावे, त्यांची फोड स्वतः करून पाहावी आणि जिथे एक साधा शब्द पुरेसा आहे तिथे तोच निर्धास्तपणे लिहावा. अशा अभ्यासाने त्याचे इंग्रजी सुधारेलच, आणि मराठीही अधिक नेमकी होईल.